आटपाडी : मेंढरांच्या गावाचा प्रशासकीय इतिहास

आर. के. पुरम ही दिल्लीतील सरकारी नोकरांची वसाहत. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून मुनीरका, मोहम्मदपूर या जुन्या गावांच्या आसपास एकामागून एक सेक्टर उभे राहिले आणि रामकृष्ण परमहंसांच्या नावाने ते ओळखले जाऊ लागले. येथे कोणी कायमचे राहत नाही. बदली झाली की ट्रक येतो, सामान चढते आणि आठ दिवसांत त्याच दारावर दुसऱ्या नावाची पाटी लागते. तरीही आम्हां सर्वांच्या सेवापुस्तकात 'कायमचा पत्ता' हा रकाना भरलेला असतो आणि त्याबद्दल आम्हांला कधी कोणी हटकत नाही.

या रकान्याची आठवण होण्यास कारण असे झाले की, मागे एका शनिवारी संध्याकाळी करोलबागेत गलाईचे दुकान असलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले. गलाई म्हणजे जुने सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा. गृहस्थ माणदेशातले, आटपाडीच्या बाजूचे. त्यांच्या हातात गावाकडून आलेल्या एका कागदाची छायाप्रत होती. त्यांच्या चुलतभावाच्या कुटुंबाचे नाव एका लाभार्थी यादीतून कमी झाले होते. शेरा अगदी नेमका होता : "पाहणीच्या वेळी कुटुंब पत्त्यावर आढळून आले नाही." पाहणीची तारीख फाल्गुनातली होती. गृहस्थ म्हणाले, "साहेब, फाल्गुनात मेंढका घरी सापडंल कसा? तवा तर समदी मेंढरं घेऊन नदीकाठाला गेल्यात."

मी अर्ज लिहून दिला. तो कोठे पाठवायचा, तेही सांगितले. पण कागद तयार करणाऱ्याला दोष देणे मला जमले नाही, कारण असे शेरे मीही लिहिले आहेत. मनात राहिला तो प्रश्न वेगळा होता. ज्या मुलखात माणसे पिढ्यानपिढ्या चारा-पाण्यामागे चालत आली, त्या मुलखाचा कारभार करणाऱ्यांना हे चालणे कधी कळले होते का? याच प्रश्नाच्या अनुषंगाने आटपाडीचा इतिहास येथे मांडत आहे.

प्रथम भूगोल. आटपाडी हे सांगली जिल्ह्याच्या ईशान्य टोकाचे तालुक्याचे गाव. सह्याद्रीच्या माथ्यावरील महाबळेश्वर येथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरांच्या आसपास. महाबळेश्वरी वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. आटपाडीला पाचशेही पुरे होत नाहीत. ढग डोंगराच्या त्या अंगाला रिते होतात आणि या अंगाला नुसती सावली पडते. माण ऊर्फ माणगंगा नदी साताऱ्याकडच्या डोंगरात उगम पावून या प्रदेशातून वाहत पुढे पंढरपूरजवळ भीमेस मिळते. वर्षातील बराच काळ तिच्या पात्रात वाळूच दिसते. या नदीच्या नावावरून माणदेश. माळ उथळ, मुरमाड. त्यावर कुसळी गवत, बोर, बाभूळ, हिवर. अशा जमिनीवर नांगरापेक्षा खुराचा भरवसा अधिक.

कोरड्या मुलखाचे हे गणित जगात इतरत्रही मांडले गेले आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियाचा सर्व्हेअर जनरल जॉर्ज गॉयडर याने १८६५ साली, मोठ्या दुष्काळाच्या काळात, घोड्यावरून प्रदेश पाहून नकाशावर एक रेषा आखली. रेषेच्या दक्षिणेस पावसाचा भरवसा आहे, तेथे गहू पेरावा. उत्तरेस नाही, तेथे मेंढरेच चारावीत, असा तिचा अर्थ. त्याने हे मुख्यतः झाडाझुडपांत होणारा बदल पाहून ठरवले होते. पुढे काही वर्षे पाऊस चांगला झाला. नांगर गेला की पाऊस त्याच्यामागे येतो, अशी समजूत लोकांत पसरली आणि १८७४ मध्ये सरकारने रेषेपलीकडील जमिनीही शेतीसाठी खुल्या केल्या. १८८० च्या दशकाच्या आरंभी पुन्हा दुष्काळ पडला आणि शेतकरी घरेदारे सोडून परतले. त्या ओसाड दगडी घरांच्या भिंती आजही तेथे उभ्या आहेत.

आटपाडीच्या नकाशावर अशी रेषा कोणी आखली नाही, कारण येथील लोकांना ती ठाऊकच होती. चांगल्या पावसाच्या वर्षी बाजरी-ज्वारी, एरवी जनावरे, अशी त्यांनी आपल्या जगण्याची विभागणी करून घेतली. या भागातील खिल्लार बैल काटक, चपळ, पांढरा; त्याच्या एका उपप्रकाराला पशुवैद्यकाच्या पुस्तकांत 'आटपाडी महाल' असेच नाव आहे. ठिल्लारी हे खिल्लार पैदाशीचे परंपरागत जाणकार. मेंढरांत दख्खनी जात जुनी. शेजारच्या जत तालुक्यातील माडग्याळ गावाच्या नावाची, बाकदार नाकाची, उंच जातही येथील बाजारात मानाची. शनिवारच्या बाजारात आणि कार्तिकात उत्तरेश्वराच्या यात्रेत शेळ्या-मेंढ्यांचे सौदे होतात. याच तालुक्यातील खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत खिल्लारांचा बाजार भरतो. २०२० च्या अखेरीस एका माडग्याळ मेंढ्याला सत्तर लाखांची बोली आली आणि मालकाने ती नाकारली, अशी बातमी देशभरच्या वृत्तपत्रांनी छापली. दिल्लीत माझ्या सहकाऱ्यांनी ती हसण्यावारी नेली. मला मात्र तिच्यात पैदाशीची पारख हेच ज्यांचे भांडवल, त्यांचा अभिमान दिसला.

दिवाळी झाली की धनगरांचे वाडे हलतात. वाडा म्हणजे येथे घर नव्हे. चार-सहा कुटुंबे, त्यांची मेंढरे, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि घोड्यावर लादलेला संसार असा तो चालता गाव. कृष्णा-वारणेच्या काठाकडे, काहींचा घाट उतरून कोकणाकडे असा त्यांचा प्रवास असतो. वाटेत शेतकरी रात्री आपल्या रानात मेंढरे बसवून घेतो. लेंडी-मुताने रान खतावते आणि मेंढक्याला त्याबद्दल धान्य किंवा रोकड मिळते. पहिल्या पावसाच्या सुमारास वाडे परततात, कारण तेव्हा घरच्या माळावर गवत असते आणि नदीकाठी चिखल. याला भटकंती म्हणणे चुकीचे आहे. ही वाट ठरलेली, मुक्काम ठरलेले, देणे-घेणे ठरलेले. सरकारी वेळापत्रकाहून हे वेळापत्रक अधिक काटेकोर असते, फक्त ते कोठे लिहिलेले नसते.

आता कारभार. १९४८ पूर्वी आटपाडी इंग्रजी मुलखात नव्हते. ते औंध संस्थानात होते. संस्थान पाचशे चौरस मैलांचे, बहात्तर गावांचे, तेही सलग नव्हे. औंध, कुंडल, आटपाडी आणि विजापूरकडील गुणदाळ असे त्याचे विखुरलेले तुकडे. अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले. सूर्यनमस्काराचे प्रचारक, स्वतः चित्रकार, अशी त्यांची कीर्ती. पण प्रशासनाच्या अभ्यासकाने त्यांचे नाव लक्षात ठेवावे ते दुसऱ्याच कारणासाठी. चिरंजीव बॅरिस्टर अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलिश अभियंते यांच्या साहाय्याने, गांधीजींचा सल्ला घेऊन, त्यांनी जानेवारी १९३९ मध्ये आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवणारी राज्यघटना जाहीर केली. गावाने पाच जणांची पंचायत निवडावी, पंचायतींमधून तालुक्याची समिती व्हावी, तिच्यातून संस्थानाची सभा. राज्यकारभाराचा पाया खेड्यात घालण्याचा हा प्रयोग 'औंध प्रयोग' म्हणून ओळखला जातो. पंचायतराज हा शब्द दिल्लीच्या कागदांवर रुळण्यापूर्वी वीस वर्षे तो आटपाडीच्या माळावर करून पाहिला गेला होता.

याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीविना, बेडीविना, शेतीवर ठेवावे, ही कल्पना फ्रीडमन यांची आणि तिला मान्यता राजेसाहेबांची. ग. दि. माडगूळकरांच्या कथेवरून व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला, त्याचे मूळ येथे आहे. संस्थान गेले तरी ही खुली वसाहत राज्याच्या कारागृह विभागाने चालू ठेवली आणि कैदी तेथे कुटुंबासह राहू शकतात. मला या गोष्टीचे राहून राहून नवल वाटते. कैदी पळून जाणार नाही, या विश्वासावर येथे एक संस्था उभी राहिली. आणि मेंढका मात्र परत येईल, हा विश्वास आमच्या यादीला ठेवता आला नाही.

संस्थानी काळातील या मुलखाचे सर्वांत सूक्ष्म निरीक्षण कोणत्याही अहवालात नाही. ते व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त आहे. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेल्या या कादंबरीत औंध संस्थानचा एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. शाळा भरण्याआधी त्याला वाडीचा विश्वास मिळवावा लागतो. शेवटी दुष्काळ येतो आणि वाडी उठून निघून जाते. प्रशासकीय प्रशिक्षणात ही कादंबरी लावावी, असे मी अनेकदा सुचवले आहे. शासनाची एक योजना प्रामाणिकपणे राबवूनही पावसापुढे हजेरीपट कसा कोरा होतो, हे तिच्याइतके नेमके मी कोठे वाचले नाही.

पण एकाच खिडकीतून गाव पाहिले तर ते अर्धेच दिसते. शंकरराव खरात यांचा जन्म १९२१ मध्ये आटपाडीचाच. 'तराळ-अंतराळ' या आत्मकथनात त्यांनी हेच गाव महारवाड्यातून पाहिले आहे. तराळ म्हणजे गावकामगारांच्या उतरंडीतील शेवटची पायरी. सरकारी टपाल पोचवणे, अंमलदारापुढे धावणे, दवंडी, राखण अशी रात्रंदिवसाची चाकरी करायची आणि बदल्यात तुटपुंजे वतन व दारोदारची भाकरी. संस्थान प्रागतिक होते, घटना उदार होती, तरी तिचा हुकूम ज्याच्या पायांनी गावोगाव जाई, त्या माणसाची स्थिती एका जाहीरनाम्याने पालटली नाही. कनिष्ठ गाववतने नाहीशी झाली ती १९५८ च्या कायद्याने. खरात पुढे वकील झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९८४ च्या जळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्याआधी १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर आणि १९८३ मध्ये व्यंकटेश माडगूळकर याच पदावर होते. एका दुष्काळी तालुक्याने अकरा वर्षांत तीन संमेलनाध्यक्ष द्यावेत, याचा अर्थ इतकाच की येथे पाऊस कमी असला तरी सांगण्यासारखे पुष्कळ होते.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई राज्यात विलीन झाले. पुढच्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० पासून त्याचे नाव सांगली. सांगली म्हटले की लोकांना हळद, ऊस, कृष्णाकाठ आठवतो. आटपाडी त्या चित्राच्या चौकटीबाहेर. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या आणि नालाबांधाच्या कामांवर हा मुलूख जगला. रोजगार हमीचा आरंभीचा प्रयोग वि. स. पागे यांनी याच जिल्ह्यातील विसापूर येथे केला होता. राज्याचा कायदा १९७७ चा आणि देशाचा २००५ चा. दुष्काळाने शिकवलेली ही गोष्ट देशभर गेली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण खडी फोडायला माणूस एका जागी लागतो. ज्याची मेंढरे मागे आहेत, त्याला हजेरीपटावर जागा नव्हती.

दुसरा एक प्रवाह याच मातीतून निघाला. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळकडील तरुण गलाईच्या धंद्यात शिरले आणि एकाच्या ओळखीने दुसरा असे करत देशभरच्या सराफ बाजारांत पोचले. दिल्लीत चांदणी चौकातील कुचा महाजनीत वा करोलबागेत आम्लाच्या धुरात काम करणारा, हिंदी-पंजाबी सफाईने बोलणारा आणि फोनवर माणदेशी बोलणारा तरुण भेटला, तर तो बहुधा याच पट्ट्यातला. घराण्यात वाड्यावर चालण्याची सवय असो वा नसो, मुलखाची सवय चालण्याचीच. यात्रेला तो गावी जातो आणि कमाईतून गावात बंगला बांधतो. बंगल्याला वर्षातील बराच काळ कुलूप असते. पण पाहणीला आलेला माणूस बंगला पाहून 'पत्त्यावर आढळले नाही' असे लिहीत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

मग पाणी आले. कऱ्हाडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने वर चढवायचे आणि कडेगाव, खानापूर, आटपाडी, सांगोल्यापर्यंत सुमारे ऐंशी हजार हेक्टरांना द्यायचे, या योजनेचे काम १९९६ मध्ये सुरू झाले. ते आपोआप झाले नाही. १९९३ पासून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर, गणपतराव देशमुख यांच्या पुढाकाराने पाणी संघर्ष चळवळ उभी राहिली आणि आटपाडीच्या पाणी परिषदा हे तिचे व्यासपीठ झाले. या चळवळीची मागणी केवळ पाण्याची नव्हती, समन्यायी वाटपाची होती : पाणी जमिनीच्या आकारावर न देता कुटुंबामागे द्यावे, भूमिहीनालाही त्यात हक्क असावा. सिंचनाच्या इतिहासात हा विचार मोठा आहे.

आज आटपाडीच्या माळावर डाळिंबाच्या बागा आहेत. ज्या मुलखाने शतकभर टंचाईच्या बैठका पाहिल्या, तेथे हिरवे शेत पाहून डोळे निवतात. तेव्हा मी जे पुढे लिहितो आहे, ते पाण्याविरुद्ध नव्हे. माळ बागायत झाला की त्याला कुंपण पडते. गायरानावर अतिक्रमण होते, किंवा सरकारच त्यावर एखादा प्रकल्प आणते. जमिनीला भाव आला की 'पडीक' हा शब्द कागदावर वाढतो, आणि पडीक म्हणजे कोणाच्याच उपयोगाची नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. वास्तविक ती जमीन मेंढरांच्या उपयोगाची होतीच. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपालसिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करण्याचे आदेश दिले आणि महाराष्ट्राने त्याच वर्षी त्यास अनुसरून शासननिर्णय काढला. पण मोकळी झालेली जमीन चराईसाठीच राहील, याची हमी केवळ अतिक्रमण काढून मिळत नाही.

दुष्काळ मोजण्याची आमची रीतही अशीच. पैसेवारी पिकाची, गवताला पैसेवारी नाही. छावण्यांचे नियम गाय-बैल-म्हैस डोळ्यांपुढे ठेवून झाले; शेळ्या-मेंढ्यांचे काय, हा प्रश्न २०१९ च्या दुष्काळात शासनापुढे ठळकपणे आला. राजे यशवंतराव होळकर यांच्या नावाची महामेष योजना २०१७ पासून आहे, ती स्वागतार्ह आहे. मात्र मेंढरू देणे सोपे आणि त्याच्या पायाखालची वाट राखणे अवघड.

येथे पुन्हा ऑस्ट्रेलियाचा दाखला द्यावासा वाटतो. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंड या राज्यांत कळप हाकून नेण्याच्या सार्वजनिक वाटा एकोणिसाव्या शतकापासून कायद्याने राखून ठेवल्या आहेत. ट्रकांचा जमाना आला तरी दुष्काळात तेथील मेंढपाळ आजही त्या वाटांवर कळप घेऊन उतरतात. लोकभाषेत त्या पट्ट्याला 'लांब कुरण' अशा अर्थाचे नाव आहे. तेथे मेंढरे बव्हंशी मोठ्या जमीनदारांची, येथे भूमिहीन वा अल्पभूधारकांची, हा भेद मी विसरत नाही. तरी धडा उघड आहे : चालणाऱ्या कळपाला राज्याच्या नकाशावर जागा देता येते.

माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. पहिली, वाड्यांच्या ठरलेल्या वाटा व मुक्काम वाड्यातील जाणत्यांना विचारून जिल्ह्यांनी नोंदवावेत आणि निदान त्या वाटांवरील गायराने व पाणवठे राखावेत. दुसरी, धनगर कुटुंबांची कोणतीही पाहणी आषाढ ते आश्विन या काळातच करावी. तिसरी, 'आढळून आले नाही' हा शेरा मारण्यापूर्वी 'कोठे गेले व केव्हा येणार' हा रकाना भरणे सक्तीचे करावे. कोठल्याही गावात शिधा घेण्याची सोय आता देशभर झाली आहे. पण ती ज्याचे नाव यादीत आहे त्याला. वाटेवरच्या माणसासाठी केलेली सोय घरी न सापडल्यामुळे बंद व्हावी, यातील विसंगती मंत्रालयात बसून दिसत नाही.

ते गृहस्थ महिनाभराने पुन्हा आले. अर्जाची पोच मिळाली होती, निर्णय नव्हता. चुलतभाऊ कोठे आहेत, असे मी विचारले. त्यांनी फोन लावला आणि वाडा कोणत्या गावच्या शिवारात, कोणाच्या रानात बसला आहे, परवा तेथून कोठे हलणार आहे आणि कोणत्या पंधरवड्यात घरी पोचणार आहे, हे सर्व मला दोन मिनिटांत सांगितले. त्या दिवशी माझ्या टेबलावर माझ्याच बदलीसंबंधीचे एक पत्र पडले होते. पुढच्या वर्षी मी कोठे असेन, हे मला त्यातून कळत नव्हते.